गोझोला जा, आणि बॅग एकदाच उघडा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे की नाही ते कळेल. मुलगा म्युनिकला आहे. तुम्ही दोघं सप्टेंबरअखेर त्याच्याकडे पोचणार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला रजा नाही, म्हणून तेवढ्या वेळात दोघांनीच भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर पाच दिवस ‘अगदी निवांत’ राहून यायचं आहे. तुमचं वय 58, मिस्टरांचं 63. त्यांचे गुडघे कुरकुरतात. तुम्ही शाकाहारी, त्यांना मासे चालतात. माल्टा नक्की केलंय आणि सोबत आराखडाही पाठवलाय: पहिल्या दिवशी राजधानी व्हॅलेटा, दुसऱ्या दिवशी मदिना हे तटबंदीतलं जुनं शहर आणि ब्लू ग्रोटो या समुद्रगुहा, तिसऱ्या दिवशी गोझो आणि कोमिनो ही शेजारची बेटं, चौथ्या दिवशी बोटीने इटलीचं सिसिली बेट आणि तिथला एटना ज्वालामुखी, पाचव्या दिवशी परत.

आराखड्यात तशी चूक काही नाही. त्यातलं ‘निवांत’ कुठे गेलं, तेवढं मला सापडलं नाही.

लोकांच्या सहली आखून देण्याचं काम मी बावीस वर्षं करतोय. पहिल्या फोनवर सगळे निवांतपणा मागतात आणि तिसऱ्या फोनपर्यंत यादी अकरा ठिकाणांवर गेलेली असते. ‘एवढं लांब जातोय तर’ हे चार शब्द सुट्टीचं वाटोळं करतात. चौथाच दिवस घ्या. सिसिलीची बोट पकडायला अंधारात उठायचं, पावणेदोन तास समुद्र, मग बसने डोंगर, पुन्हा बस, पुन्हा पावणेदोन तास समुद्र, आणि रात्री उशिरा खोलीवर. त्या गुडघ्यांना पाचव्या दिवशी विमानाच्या पायऱ्याही चढायच्या आहेत.

माझं म्हणणं असं की देश तोच ठेवा, बेट बदला. चारही रात्री गोझोत राहा. एका गावात, एका खोलीत. बॅग एकदा उघडायची, एकदा भरायची. दिवसाला एकच गोष्ट पाहायची आणि तीही दुपारच्या जेवणाआधी संपवायची.

गोझो म्हणजे माल्टाचं धाकटं भावंड. क्षेत्रफळ 67 चौरस किलोमीटर, लांबी जेमतेम 14 किलोमीटर. बेटाच्या मधोमध व्हिक्टोरिया नावाचं एकच शहर आहे आणि तिथून कुठलाही किनारा बसने वीस-पंचवीस मिनिटांवर. विमानतळ नाही, त्यामुळे बरेच पर्यटक सकाळी बोटीने येतात, जीपमधून चार ठिकाणं उरकतात आणि संध्याकाळी परत जातात. तुमच्या आराखड्यातला तिसरा दिवस हाच होता. पाच वाजता शेवटच्या जीप बंदराकडे वळल्या की बेट पुन्हा गावकऱ्यांचं होतं. चर्चच्या चौकातल्या बाकांवर म्हातारे येऊन बसतात, पोरं फुटबॉल काढतात. मला गोझो आवडतं ते या पाचनंतरच्या गोझोसाठी, आणि ते फक्त मुक्कामाला राहणाऱ्यालाच दिसतं.

आधी व्यवहाराचं. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे मुलाकडे जाण्यासाठी जर्मनीचा जो व्हिसा घ्याल तोच चालतो. एकदाच प्रवेशाचा असला तरी अडत नाही, कारण म्युनिक ते माल्टा हा प्रवास शेंगेनच्या आतलाच. पासपोर्ट मात्र जवळच ठेवा, मुलाच्या घरी ठेवून निघू नका. चलन युरोच. आणखी एक बारीक गोष्ट. 1964 पर्यंत इथे इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, इंग्रजी बहुतेकांना येतं आणि विजेची सॉकेटं तीन चौकोनी पिनांची, इंग्लंडसारखी आहेत. मुलाकडचा जर्मन चार्जर त्यात बसत नाही. ॲडॅप्टर आधीच घेऊन ठेवा, नाहीतर पहिली संध्याकाळ तेच शोधण्यात जाईल.

म्युनिकहून थेट विमान सुमारे अडीच तासांचं. माल्टाच्या विमानतळावरून गोझोला जायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे व्हॅलेटाच्या धक्क्यावरून जलद बोट, पाऊण तासात थेट गोझोच्या बंदरात. दुसरा म्हणजे टॅक्सीने बेटाच्या पार वायव्य टोकाला चिर्केव्वाला जायचं आणि तिथून गाड्या वाहणारी मोठी फेरी पकडायची. ती 25 मिनिटांत पलीकडे नेते. तुम्हाला मी दुसरा सांगेन. वारा वाढला की जलद बोटी आधी बंद होतात, मोठी फेरी बराच वेळ तग धरते. शिवाय तिच्यात बसायला ऐसपैस जागा आहे आणि रात्रीही फेऱ्या असतात, त्यामुळे विमानाला उशीर झाला तरी घाबरायचं कारण नाही. या फेरीची एक गंमत आहे. जाताना तिकीट कोणी मागत नाही, ते परतताना गोझोच्या बाजूला काढायचं. म्हणजे कायमचे तिथेच राहिलात तर प्रवास फुकट!

नावांचा घोळ मात्र लक्षात ठेवा. गोझोच्या बंदराचं नाव इम्जार, आणि माल्टाच्या मोठ्या बेटावरही इम्जार नावाचं गाव आहे. व्हिक्टोरियाला गोझोचे लोक रबात म्हणतात, आणि मोठ्या बेटावर मदिनाला चिकटून आणखी एक रबात आहे. व्हिक्टोरिया हे नाव 1887 साली, राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षी मिळालं, पण लोकांच्या तोंडात जुनंच राहिलं. एका कुटुंबाची टॅक्सी मी स्वतः चुकीच्या रबातला पाठवली होती. चूक सर्वस्वी माझी. फोनमध्ये पत्ता टाकताना पुढे ‘गोझो’ लिहिलंय ना, ते बघाच.

आता राहायचं कुठे. गोझोचं नाव काढलं की लोक तिथली जुनी शेतघरं सुचवतात. पिवळसर चुनखडीच्या दगडाच्या जाड भिंती, अंगणात छोटा तलाव, फोटो फार देखणे. पण त्या घरांत झोपायच्या खोल्या बहुतेक वर असतात आणि तिथे जायला दगडी गोल जिना. तुमच्यासाठी ते बाद. श्लेंदी नावाचं गाव सुंदर आहे, दोन कड्यांच्या बेचक्यात शिरलेली निमुळती खाडी, पण तिथे चालायला निघालात की लगेच पायऱ्या लागतात. तुम्ही उत्तर किनाऱ्यावरचं मार्सालफोर्न घ्या. एके काळी कोळ्यांचं गाव होतं, आता अपार्टमेंटं झालीत. दिसायला श्लेंदीइतकं चित्रातलं नाही, हे मान्य. पण खाडीला वळसा घालणारा सपाट रस्ता आहे, बाकडी आहेत, उतरायला छोटा वाळूचा तुकडा आहे आणि व्हिक्टोरियाची बस दारात येते. घरमालकाला तीन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, समुद्राकडे बाल्कनी आहे का, आणि स्वयंपाकघरात गॅस किंवा शेगडी आहे का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की पुढचे फोटो बघत बसू नका.

स्वयंपाकघर यासाठी की तुम्हाला सकाळचा चहा मनासारखा हवा असणार. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं खारं पाणी शुद्ध करून आलेलं असतं. प्यायला धोका नाही, पण चहा मचूळ लागतो. चहापुरतं बाटलीचं पाणी आणा. गावातल्या जुन्या कॅफेत काचेच्या ग्लासात, डब्यातलं घट्ट दूध घातलेला चहा मिळतो. तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा मला आपली टपरी आठवली. आलं नाही, वेलची नाही, पण कडक असतो.

पहिला दिवस पोचण्यातच जाईल. जाऊ द्या. संध्याकाळी धक्क्यावर एक फेरी मारा आणि झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्सालफोर्नहून पश्चिमेकडे किनाऱ्याने चालत निघा. दीड-दोन किलोमीटरवर श्वेय्नीची मिठागरं आहेत आणि रस्ता जवळजवळ सपाट. कोकणातली, वसई-उरणकडची मिठागरं तुम्ही पाहिली असतील, चिखलाच्या बांधांची. इथे बांध नाहीत. मऊ चुनखडीचा किनाराच खोदून त्यात शेकडो चौकोनी कुंड्या केल्यात, बुद्धिबळाचा पट समुद्रापर्यंत पसरावा तशा. काठच्या कुंडांत समुद्राचं पाणी घ्यायचं, ते जरा आटलं की उथळ चौकोनांत सोडायचं, उन्हाने मीठ धरलं की झाडून ढीग करायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या घराण्यांकडे हे काम आहे. हंगाम उन्हाळ्याचा, पहिला पाऊस पडला की संपला. तुम्ही जाल तेव्हा तो संपत आला असेल किंवा संपलेलाही असेल, पण रस्त्याकडेला मिठाच्या पिशव्या विकायला असतात. एक घ्या. त्या खडे मिठात लोणचं कसं होतं ते मला कळवा. एकच विनंती, कुंड्यांच्या कडांवरून चालू नका. पर्यटक फोटोसाठी चालतात आणि कडा तुटतात. शेवटी ते कुणाचं तरी शेत आहे.

तिसऱ्या दिवशी व्हिक्टोरियाची चित्तादेल्ला, म्हणजे गढी. बसथांब्यापासून चढ आहे, पण सावकाश गेलात तर पंधरा मिनिटांचा. गुडघे फारच बोलायला लागले तर टॅक्सी करा. तटावर चढलं की अख्खं बेट एका नजरेत येतं: सपाट माथ्यांच्या टेकड्या, प्रत्येक टेकडीवर एक गाव, प्रत्येक गावाला त्याच्या लोकसंख्येपेक्षा मोठं वाटणारं चर्च. समुद्री चाच्यांच्या भीतीने एके काळी बेटावरच्या लोकांना रात्री या तटाच्या आत येऊन झोपावं लागायचं, तसा कायदाच होता आणि तो 1637 सालापर्यंत चालला. भीती खोटी नव्हती. 1551 साली तुर्की आरमाराने ही गढी घेतली आणि बेटावरची जवळपास सगळी माणसं, सुमारे पाच हजार, गुलाम म्हणून नेली. आज तिथे तिन्हीसांजेला इतकी शांतता असते की हे खरं वाटत नाही.

आतल्या कॅथेड्रलमध्ये जाऊन मान वर करा. वर घुमट दिसेल, खोल, कडांवर उजेड पडलेला. तो घुमट नाहीच. छत सपाट आहे. घुमट बांधायला पैसे पुरले नाहीत, तेव्हा 1739 साली सिसिलीतल्या मेसिनाच्या एका चित्रकाराकडून तो रंगवून घेतला. दारापासून बघत बघत पुढे सरका, एका जागी डोळा फसायचा थांबतो. ती जागा शोधण्यात आम्ही एकदा वीस मिनिटं घालवली होती. खाली उतरलात की इत-तोक्क नावाच्या चौकात बसा. सकाळी तिथे बाजार असतो.

त्याच शहरात, एकाच रस्त्यावर आस्त्रा आणि ऑरोरा अशी दोन थिएटरं आहेत. दोन्ही दोन प्रतिस्पर्धी बँड-मंडळांची. एक कॅथेड्रलवाल्यांचं, दुसरं सेंट जॉर्जच्या चर्चवाल्यांचं. आपल्याकडे दोन आळ्यांच्या गणेशमंडळांत जी चुरस असते ना, तीच. फरक इतकाच की चुरशीच्या भरात हे लोक ऑपेरा करतात. एवढ्याशा बेटावर दरवर्षी ऑक्टोबरात एक ऑपेरा यांचा, एक त्यांचा. तुमच्या तारखांत त्यातला एखादा येतोय का ते नक्की पाहा. संगीताची आवड असेल तर दिवसाला एकच गोष्ट हा नियम त्या दिवशी मोडायला माझी परवानगी.

चौथ्या दिवशी शारा गावातली जगांतियाची मंदिरं. ती ख्रिस्तपूर्व 3600 च्या सुमाराची आहेत, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा हजार वर्षांनी जुनी. पन्नास टनांचे दगड, आणि बांधणाऱ्यांकडे धातूचं एकही अवजार नव्हतं. एवढे दगड माणसाने उचललेच नसतील, म्हणून लोककथेत ते एका राक्षशिणीने वाहून आणले, आणि नावही त्यावरूनच पडलं. पाहायला दीड तास पुष्कळ झाला, वाट बरीचशी सपाट आहे. जगांतिया नको असेल तर पश्चिमेचं द्वेय्रा घ्या. तिथे डोंगराच्या मागे समुद्राचं तळं आहे आणि कड्यातल्या बोगद्यातून कोळी आपल्या नावेने बाहेरच्या समुद्रात फिरवून आणतात. समुद्र शांत असेल तरच, आणि नावेत चढताना हात धरायला सांगा. तिथली प्रसिद्ध दगडी कमान, ‘अझूर विंडो’, 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. काही जाहिरातींत तिचे फोटो अजून आहेत, फसू नका.

कोमिनोचं ब्लू लगून सोडा. पाणी खरंच निळं आहे, पण गर्दी इतकी की 2025 पासून आधी नोंदणी करून वेळ घ्यावी लागते. रांग लावून समुद्र बघायचा असेल तर जुहू काय वाईट आहे? मदिनाही सोडा, तटबंदीतलं शहर गढीत बघून होईल.

समुद्रात उतरायचं असेल तर ऑक्टोबर उत्तम. उन्हाळाभर तापलेलं पाणी लवकर निवत नाही, साधारण 24 अंशांवर असतं. हवाही दिवसा त्याच्याच आसपास. मधूनच गडगडाटी सर येते आणि तासाभरात ऊन पडतं. इथे लोक हवामान पाऊस बघून नाही, वारा बघून ठरवतात. उत्तरेचा वारा सुटला की तुमच्या मार्सालफोर्नच्या धक्क्यावर लाटा फुटतील. त्या दिवशी पाण्यात जाऊ नका, बसने श्लेंदी गाठा, तिथलं पाणी निवांत असण्याची शक्यता जास्त. दक्षिणेचा दमट वारा असेल तर उलट. बेट लहान असण्याचा हा फायदा. ईशान्येच्या वाऱ्याला मात्र मान द्या. त्याला तिकडे ग्रिगाल म्हणतात आणि तो जोरात आला की फेरीही थांबते. माझं एकदा असंच विमान चुकलंय. म्हणून परतीचं विमान शक्यतो संध्याकाळचं घ्या आणि बेट सकाळीच सोडा.

पहाटे शेतांतून बंदुकीचे बार ऐकू आले तर दचकू नका. तो पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. मला ते अजिबात आवडत नाही, पण आधी सांगितलेलं बरं. शेतांतून चालायचं तर सकाळी नऊनंतर.

खाण्याचं. गोझोची फ्तीरा म्हणजे पातळ पावाच्या पिठावर बटाट्याच्या चकत्या, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह घालून भट्टीत भाजलेली भाकरी. मासे आणि मांस नको असं स्पष्ट सांगा, कारण अँचोव्ही नावाचा खारा मासा पुष्कळदा न विचारता पडतो. पास्तित्सी हे खारीसारख्या पापुद्र्यांचे सामोसे, चीजचे किंवा वाटाण्याचे. पापुद्र्यात प्राण्यांची चरबी आहे का ते विचारून घ्या. बिगिल्ला ही सुक्या पावट्यासारख्या दाण्यांची लसूण घातलेली चटणी, पावाला लावून. शेळी-मेंढीच्या दुधाच्या लहान गोल चिजाला ज्बेय्ना म्हणतात. ताजी फार गोड लागते, पण दूध विरजायला पारंपरिक पद्धतीत जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तुमचं शाकाहारीपण तिथपर्यंत जात असेल तर ती वगळा. खजुराचं सारण भरून तळलेले इम्कारेत मात्र डोळे मिटून खा, करंजीचे चुलतभाऊ आहेत. मिस्टरांसाठी लांपुकी मासा, शरद ऋतूतच मिळतो. खमंग तळलेला मागवा.

भाषा कानावर पडली की थोडी ओळखीची वाटेल. माल्टी ही मुळात अरबी घराण्यातली, पण रोमन लिपीत लिहितात. जगाला ‘दिन्या’, पुस्तकाला ‘क्तिएब’, गरिबाला ‘फ्इर’. आपली दुनिया, किताब आणि फकीर त्याच अरबी मुळांतून फारसीमार्गे आलेत. पाटीवर एक्स दिसला की ‘श’ वाचा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

गाडी भाड्याने घेऊ नका. बस ताशी एक असते, तिकीट दोन-अडीच युरोंचं, दोन तास चालतं, आणि जवळपास प्रत्येक बस व्हिक्टोरियातून जाते. एखादी चुकली तर बाकावर बसा. त्यासाठीच तर चाललायत.

पाचव्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल आणि हवा शांत असेल तर जलद बोटीने व्हॅलेटाला या. धक्क्याजवळूनच वर बागेत नेणारी लिफ्ट आहे. सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1608 सालचं मोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तेवढं बघा. ते एक चित्र, एक कॉफी, आणि विमानतळ.

आणि एटना राहून गेला म्हणून मिस्टर हळहळलेच, तर रात्री पाऊस पडून गेल्यावर पहाटे बाल्कनीत उभं राहायला सांगा. हवा अगदी स्वच्छ असली तर उत्तर-ईशान्येला क्षितिजावर एक फिकट त्रिकोण उमटतो. सुमारे दोनशे किलोमीटर लांबचा तो एटना. मला सात खेपांत एकदाच दिसला, चहाचा कप हातात असताना.